रिकाम्या गाडीत न गळणारं तेल

१२ ऑगस्ट २०१५, बुधवार. रक्कम नऊ हजार पाचशे शिलिंग.

टर्बो बसवण्याची मजुरी म्हणून सिल्वेरियो थुरानिराने कोबियाकडून एवढे पैसे घेतले होते, आणि त्या सकाळी ते जसेच्या तसे त्याच्या डगल्याच्या आतल्या खिशात होते. घरातून निघताना बायको गाकी म्हणाली, "त्यातले दोनशे द्या ना, साखर संपलीय."

"ते पैसे अजून माझे नाहीत," थुरानिरा म्हणाला.

गाकीने तीस वर्षं या माणसाबरोबर संसार केला होता. तिने बिनसाखरेचा चहा त्याच्यापुढे ठेवला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

पैसे त्याचे नव्हते, कारण काम झालेलं नव्हतं. काम झालं असं त्याने दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा तो तोंडघशी पडला होता.

केनियातल्या मौआ गावात दिवस उजाडतो तो मिरा तोडणाऱ्यांच्या हाकांनी. चघळल्या की तरतरी आणणाऱ्या कोवळ्या लालसर काड्या झाडांवरून उतरतात, अंगणाअंगणात माणसं बसून त्यांच्या जुड्या बांधतात, केळीच्या पानात गुंडाळतात, पोती भरतात, आणि दुपारी एकच्या सुमाराला पिकअप गाड्या सुटतात. एकदा सुटल्या की त्या कोणासाठी थांबत नाहीत. पोलिसासाठीसुद्धा थांबल्यासारखं करतात. संध्याकाळी माल नैरोबीत उतरला पाहिजे, म्हणजे तो पहाटेच्या विमानाने सोमालियाला जातो. एक दिवस उशीर झाला की काडी सुकते, आणि सुकलेली काडी माणूस सोडा, बकरीसुद्धा चघळत नाही. म्हणून मौआत गाडीची किंमत रंगावर किंवा वयावर ठरत नाही, चढावर ती किती ओढते यावर ठरते.

कोबियाची गाडी ओढत नव्हती. इंजिन चांगलं होतं पण साधं होतं. टर्बोवाल्या गाड्या चढावर त्याला भोंगे देत पुढे निघून जायच्या. तो ज्या कनानूबाईचा माल वाहायचा, ती बाजारात चारचौघांसमोर म्हणाली होती, "कोबिया, तुझ्या गाडीपेक्षा माझी सासू लवकर डोंगर चढते, आणि तिचे गुडघे गेलेत." त्या आठवड्यातच कोबिया नैरोबीच्या भंगारबाजारातून एक टर्बो घेऊन आला. घोंगडीत गुंडाळून, मांडीवर ठेवून, तान्हं मूल आणावं तसा.

कोबिया सत्तावीस वर्षांचा. त्याचा बाप आणि थुरानिरा एकाच शाळेतून पळून गेलेले मित्र. बाप आता अर्धांगाने खाटेवर होता, आणि घरातली चूल या गाडीवर पेटत होती. थुरानिराने टर्बो बसवून दिला.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इतका भयंकर वेगाने फिरतो की तेल मिळालं नाही तर काही क्षणांत स्वतःलाच खाऊन टाकतो. म्हणून त्याला दोन पाइप लागतात. एक बारीक, त्यातून इंजिनाचा पंप तेल जोराने वर पाठवतो. दुसरा जाड, त्यातून ते तेल खाली ऑइल चेंबरमध्ये परत येतं. या परतीच्या पाइपला पंप नसतो. तेल आपल्या वजनाने पडतं, बस्स.

पहिल्या फेरीला कोबिया नैरोबीत पोचला तेव्हा इंजिनाची एक बाजू तेलाने माखली होती. थुरानिराने सगळे तांब्याचे वॉशर बदलले. दुसऱ्या फेरीला बारीक पाइपच नवा घातला होता, तरी तेल आलंच. या खेपेला ते टर्बोच्या लालभडक अंगावर पडलं आणि थुची नदीच्या उतारावर बोनेटखालून ज्वाळ निघाली. कोबियाने पिण्याचं पाणी ओतलं, ते पुरलं नाही म्हणून डब्यातली उजी, म्हणजे पिठाची पातळ पेज, ओतली, मग रस्त्याकडेची माती. आग विझली. तो उरलेल्या वाटेने गाडीला तेल पाजत नैरोबीला गेला आणि तसाच परत आला. ही गोष्ट त्याने फक्त थुरानिराला सांगितली. कनानूबाईला कळलं असतं तर त्याची पाळी तिथल्या तिथे दुसऱ्या गाडीला गेली असती.

आज तिसरी फेरी होती.

"काका, किती वेळ बघणार आहात? पुठ्ठा कोरडा आहे ना?" कोबिया म्हणाला.

थुरानिरा गाडीखाली उताणा पडला होता. इंजिन चालू होतं. त्याच्या कानाशी एक उलगडलेलं खोकं पसरलं होतं, आणि त्या पुठ्ठ्यावर एक डागही नव्हता.

ही त्याची जन्माची पद्धत. तरुणपणी तो मिशनच्या कारखान्यात शिकला. तिथले इटालियन ब्रदर गाडी दुरुस्त झाली की खाली पुठ्ठा पसरायचे, तासभर इंजिन चालवायचे आणि पुठ्ठा साक्षीदारासारखा तपासायचे. माणूस खोटं बोलतो, पुठ्ठा बोलत नाही, असं ते म्हणायचे. थुरानिराने वडिलांची मिराची झाडं धाकट्या भावाला देऊन टाकली, कारण त्या पानाची घाई त्याला सोसत नव्हती. काडी त्याने आयुष्यात तोंडात घातली नाही. आणि मग सारा जन्म त्याच घाईच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेला. पण पुठ्ठा स्वच्छ असल्याशिवाय त्याच्या आवारातून गाडी हलली नव्हती. गावात त्याची पत होती ती या पुठ्ठ्याची.

आणि आता दोन वेळा पुठ्ठा खोटं बोलला होता.

"कोरडा आहे," थुरानिरा खालून म्हणाला. "परवाही कोरडाच होता."

"मग झालं ना!"

"झालं म्हणू नकोस. तो शब्द माझ्यासमोर काढू नकोस."

शेजारच्या पत्र्याच्या शेडमधून बारिऊ वेल्डर डोकावला. "थुरानिरा, त्या पुठ्ठ्याशी लग्न का नाही लावत? गाकीवहिनीकडे एवढा वेळ कधी बघितलं नसशील."

"तू तुझी कामं बघ."

"टर्बो तेल पितोच बाबा. अख्ख्या मौआत पितो. ड्रायव्हर लोक वाटेत डबाभर ओततात नि पुढे जातात. तुलाच काय सोन्याचा टर्बो बसवायचाय?"

"तेल पिऊ दे, बारिऊ. याने परवा आग प्यायली."

बारिऊचा चेहरा उतरला. त्याने कोबियाकडे पाहिलं, मग बोनेटच्या कोपऱ्याकडे, जिथे रंगाला फोड आले होते. तो शेडमधून बाहेर येऊन गाडीपाशी उभा राहिला.

थुरानिरा बाहेर आला. इंजिन बंद केलं. मग पाना घेऊन त्याने बॅटरीच्या वायरची क्लँप सोडवली आणि ती खिशात टाकली.

"हे काय?" कोबिया म्हणाला.

"तुझे साडेनऊ हजार तिथे टांगलेल्या डगल्यात आहेत. हवे असतील तर आत्ता घे. पण तेल कुठून येतं ते कळेपर्यंत ही गाडी मिरा भरणार नाही."

"काका, एक वाजता माल आहे! मी नसलो तर बाईच्या दारात चार गाड्या उभ्या असतात. आज पाळी गेली की गेली. परत कोण देणार मला?"

"माहीत आहे."

"माहीत आहे? घरी काय सांगू मग? बाबा औषध मागतील तेव्हा काय सांगू, सिल्वेरियोकाकांचा पुठ्ठा रुसलाय?"

"सांग की काकाला जमलं नाही. ते ऐकून त्याला बरंच वाटेल."

कोबिया हसला नाही. तो दात आवळून म्हणाला, "मी दुसरी क्लँप आणून लावीन. बाजारात शंभरला मिळते."

"लाव. मी गाडीपुढे आडवा पडतो. तेवढी जागा आहे रस्त्यात."

दोघंही खरं तेच बोलत होते, आणि दोघांनाही ते समजत होतं. पोर गेला तर वाटेत जळेल. नाही गेला तर उद्यापासून गाडी उभी. सूर्य केळींच्या वर आला होता आणि थुरानिराला एवढंच ठाऊक होतं की तेल कुठूनतरी येतं, आणि त्याच्यासमोर येत नाही.

त्याने क्लँप परत लावली, इंजिन पुन्हा चालू केलं आणि पुन्हा खाली शिरला. दुसरा उपाय नव्हता.

तेवढ्यात कनानूबाई आली.

ती सहसा गॅरेजकडे फिरकत नसे. मौआत मिराच्या धंद्यातलं कोणीच फिरकत नाही. काडीला डिझेलचा वास लागला की नैरोबीचा गिऱ्हाईक जुडी नाकाशी नेऊन परत फेकतो. म्हणून माल गॅरेजपासून दूर राहतो आणि भरलेली गाडी तर मिस्त्र्याच्या दारासमोरून जातानाही वेग वाढवते. पण बाईला बाजारात काहीतरी कुणकुण लागली होती. दोन हमालांना बरोबर घेऊन ती आवारात शिरली. कनानूबाई अंगाने भरदार, आणि तिचे हमाल पोती वाहून रेड्यासारखे झालेले.

"कोबिया, गाडी जिवंत आहे का मेली?"

"जिवंत आहे बाई. ऐका ना आवाज."

"आवाज माझ्या नवऱ्याचाही चांगला आहे. काम सांग. एक वाजता येणार का?"

"येणार."

"मिस्त्री कुठाय?"

"मी खाली आहे, बाई," थुरानिरा म्हणाला. "अजून काही सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे? मी काय तुमच्याकडे भविष्य विचारायला आले? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. दारात कारिउकीची गाडी धुऊनपुसून उभी आहे."

"जरा वेळ द्या."

"पाच मिनिटं थांबते. खुर्ची आहे का इथे? नसेलच." तिने मागचं फळकुट खाली पाडलं आणि गाडीच्या शेपटाशी बैठक मारली. हमालही तिच्या दोन्ही बाजूंना बसले. गाडी जराशी कुरकुरली.

थुरानिराच्या हातातल्या टॉर्चचा उजेड परतीच्या पाइपच्या वरच्या जोडावर होता. सकाळपासून तो जोड कोरडा होता. आता त्याच्या कडेला काहीतरी चमकलं. त्याने बोट लावलं. तेल. पुसलं. पुन्हा चमकलं, मोहरीएवढा थेंब हळूहळू फुगत होता.

वर बाई म्हणत होती, "चला रे, इथे डिझेलच्या वासात बसून माझे कपडे खराब होताहेत." गाडी पुन्हा कुरकुरली. ती उठली असावी. थेंब फुगायचा थांबला.

"बाई!" थुरानिरा ओरडला. "बसा!"

"काय?"

"बसा म्हणतो ना! जिथे होता तिथेच! सगळे बसा!"

"मिस्त्री, तोंड सांभाळून. मी तुमची बायको नाही."

"पाया पडतो तुमच्या, पण बसा!"

कनानूबाई बसली. हमाल बसले. थेंब पुन्हा फुगू लागला.

थुरानिरा गाडीखालून इतक्या घाईत निघाला की कपाळ चासीवर आपटलं. ते त्याला कळलंही नाही. तो गाडीपासून वीस पावलं लांब गेला आणि एका बाजूने तिच्याकडे पाहत उभा राहिला. चाळीस वर्षं तो या गाड्या पाहत आला होता. मिरावाल्या पिकअपना मागे स्प्रिंगचे जादा पाटे घातलेले असतात, पोत्यांचा डोंगर पेलायला. त्यामुळे गाडी रिकामी असली की तिची शेपटी विंचवासारखी वर आणि नाक खाली. गॅरेजमध्ये गाडी येते ती नेहमी रिकामी, नेहमी नाक खाली घालून. भरलेली गाडी कुठल्याच मिस्त्र्याने खालून पाहिलेली नव्हती, कारण भरलेली गाडी गॅरेजला येतच नाही.

त्याने परतीचा पाइप चेंबरच्या पुढच्या टोकाला नेला होता. मौआत सगळेच तिथे नेतात; तिथे हात पोचतो, इंजिन उचलावं लागत नाही. नाक खाली असताना तो पाइप छान उतरता होता. पण मागे माल पडला की शेपटी खाली, नाक वर. आणि वर चढ लागला की तोच उतार उलटा. तेल खाली पडायचं सोडून पाइपातच तुंबत होतं, टर्बोच्या पोटात साचत होतं, आणि मिळेल त्या फटीतून बाहेर येत होतं.

"बारिऊ! फळ्या आण, जाड दोन. कोबिया, पुढची चाकं फळ्यांवर घे. आणि जेवढी माणसं दिसतील तेवढी गाडीत घाल."

"कुठे जायचंय?"

"कुठेही नाही. नुसतं बसायचंय."

मौआत फुकट बसायला मिळतंय म्हटल्यावर माणसांची वानवा कसली. टायरवाला आला, समोरचा न्हावी अर्धी दाढी केलेल्या गिऱ्हाइकासह आला, मका विकणाऱ्या दोघी टोपल्यांसकट चढल्या. हमाल फळकुटावर उभे राहिले. गाडीची शेपटी खाली खाली गेली.

"कोणी मेलंय का?" अर्ध्या दाढीवाल्याने विचारलं.

"अजून नाही," कोबिया म्हणाला. "रेस देऊ, काका?"

"दे."

इंजिन गरजलं. मोहरीचा दाणा राहिला नाही. जोडातून तेलाची धार लागली, तापलेल्या लोखंडावर पडून तिचा पांढरा धूर झाला, आणि सायलेन्सरमधूनही तसाच धूर येऊ लागला. न्हाव्याने गाडीतून उडी मारली. पुठ्ठ्यावर हाताच्या पंजाएवढा काळा डाग पसरला.

"बंद कर!" थुरानिरा म्हणाला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा आवाज सैल झाला. "सापडला."

कनानूबाईने धूर पाहिला होता. ती बोनेटपाशी आली आणि रंगाच्या फोडांवरून तिने बोट फिरवलं. "हे कधी झालं?" कोबियाने मान खाली घातली. "समजलं," ती म्हणाली. "मिस्त्री, एकला माझी पोती बांधून होतील. दीडला ती गाडीत पडलेली असतील, याच्या नाहीतर कारिउकीच्या. त्याच्यापुढे मी नाही थांबू शकत. माल माझं ऐकत नाही."

"दीड," थुरानिरा म्हणाला.

ती गेली. पुढचं काम करायला एरवी दिवस लागतो.

तेल काढलं. आवारातल्या झाडाच्या फांदीला साखळी-कप्पी होती, तिने इंजिन चार बोटं उचललं. इंजिनाखालचा आडवा पाया सुटला, चेंबरचे बोल्ट सुटले, चेंबर खाली आला. थुरानिराने टर्बोचं मधलं अंग फिरवून त्याचं तेल सोडणारं तोंड सरळ जमिनीकडे केलं. आता चेंबरला नवं भोक हवं होतं: बरोबर टर्बोखाली, मधल्या भागात, बाजूने, आणि तेलाच्या पातळीच्या वर. नाक वर असो, शेपटी वर असो, तेल तिथून सरळ पडलं पाहिजे.

"इथे," त्याने खडूने खूण केली. "आणि पुढचं भोक बंद."

बारिऊने चेंबर आधी डिझेलने, मग साबणाच्या पाण्याने धुतला; तेलकट पत्र्याला वेल्डिंग लावलं की काय होतं हे त्याच्या भुवयांना माहीत होतं. भोक पाडलं, नळीचा तुकडा बसवला, टाके मारले. कोबिया ये-जा करत होता. झाडापासून फाटकापर्यंत, फाटकापासून झाडापर्यंत.

"काका, सव्वाबारा."

"तू घड्याळ आहेस का ड्रायव्हर?"

"लावा ना आता."

"रॉकेल ओत त्यात."

चेंबरमध्ये रॉकेल ओतून तो विटांवर ठेवला. डाक लावलेल्या जागेला बाहेरून खडू फासला. रॉकेल पाण्यापेक्षा चोर. सुईच्या टोकाएवढी वाट मिळाली तरी बाहेर येतं. तिघं वाकून पाहत राहिले. पांढऱ्या खडूत एक करडा ठिपका उमटला.

"एवढंसं आहे," कोबिया म्हणाला. "एवढ्याने काय होतंय? नैरोबीपर्यंत चमचाभर गळेल."

"पुन्हा मार, बारिऊ."

"काका, वेळ नाही!"

"परवा उतारावर तुझ्याकडे पेज होती. आज काय नेलंयस डब्यात?"

कोबिया मटकन खाली बसला. त्याने हात गुडघ्यांखाली दाबले. "खरं सांगू काका? परवा आग लागली तेव्हा मी आधी पोती काढायला धावलो. दार उघडून पळायचं सुचलंच नाही. पोतीच."

थुरानिराने पोराच्या पाठीवर तेलकट हात ठेवला आणि काढला. शर्टावर पंजा उमटला.

दुसऱ्यांदा डाक मारला. खडू पांढराच राहिला. चेंबर चढला, गास्केटच्या मलमाला सुकायला पाहिजे तेवढा वेळ नव्हता. थुरानिराने प्रत्येक बोल्ट आधी हाताने, मग पान्याने, समोरासमोरचे दोन-दोन असे आवळले. नवा पाइप आखूड, जाड आणि ओळंब्यासारखा सरळ. तांब्याचा वॉशर बारिऊच्या गॅसवर लाल करून पाण्यात टाकला, म्हणजे तो मऊ पडून नीट बसतो. इंजिन खाली आलं. तेल भरलं.

एक वाजून गेला होता.

"पुन्हा माणसं बसवायची?" बारिऊने विचारलं.

"माणसं कशाला? मालच बसव आता."

ते कनानूबाईच्या दारात पोचले तेव्हा कारिउकीची गाडी मागे सरकत माल चढवायच्या फळीला लागत होती. बाईने हात वर केला. "थांब रे." मग थुरानिराकडे पाहिलं. "कोरडी?"

खोटं बोलायला तेवढा एक क्षण पुरेसा होता. "माहीत नाही," थुरानिरा म्हणाला. "भरल्यावर कळेल. चढापर्यंत मी बरोबर जातो. माथ्यावर बघतो. ओली असली तर तिथेच उभी करीन, मग तुमचा माल रस्त्यात राहील. पटत असेल तर भरा."

कारिउकी खिडकीतून म्हणाला, "बाई, म्हातारा स्वतःच सांगतोय."

"म्हणूनच विचार करतेय," बाई म्हणाली. "तुझ्या गाडीखाली कोण बघितलंय?" ती हमालांकडे वळली. "टाका कोबियाच्या गाडीत."

पोती पडत गेली तशी शेपटी बसत गेली. ताडपत्री आवळली आणि कोबिया निघाला. गाव संपलं, चढ लागला. टर्बोची शीळ वाढत गेली. थुरानिरा पुढच्या सीटवर बसला होता, पण त्याचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. तो नाकाने बसला होता. जळक्या तेलाचा वास सगळ्यात आधी येतो. पहिलं वळण. दुसरं. वास केळीच्या पानांचा येत होता. आरशात मागे एक गाडी भोंगा देत जवळ येऊ लागली, मग आरशातच लहान होत गेली. कोबियाच्या तोंडाचा कोपरा हलला.

माथ्यावर थुरानिरा म्हणाला, "थांब."

"भरली गाडी थांबवायची नसते काका, अपशकुन असतो."

"मी सांगतोय."

"दहा श्वास. जास्त नाही."

बोनेट उघडलं. आतली धग तोंडावर आली. टर्बो तांबूस दिसत होता. थुरानिराने पाइपला वरच्या जोडापासून खालपर्यंत जुनी पांढरी चिंधी लावली, मागून लावली, चेंबरच्या नव्या डाकाखाली लावली, आणि ती उजेडात धरली. चिंधीवर धूळ होती. फक्त धूळ. त्याने पुन्हा एकदा लावली, कारण एकदा पाहून तो दोनदा फसला होता. पुन्हा धूळच.

"दहा झाले!" कोबिया आतून ओरडला.

बोनेट पडलं. "पोचल्यावर लगेच बंद करू नकोस, थोडा वेळ चालू ठेव, त्याला थंड होऊ—" पण गाडी निघालीच होती. ती उतारावर दिसेनाशी झाली तरी शीळ काही वेळ ऐकू येत होती. थुरानिरा हातात चिंधी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. तो मैलाच्या दगडावर बसला.

खाली येताना त्याने मोटारसायकलवाला थांबवला. मोटारसायकलवाला गेल्यावर त्याने गॅरेजमध्ये टांगलेला डगला घेतला, आणि घरी येऊन तो खुंटीला लावताना आतल्या खिशातून दोनशे काढले आणि गाकीला दिले. तिने ते घेतले आणि ती दुकानात गेली.

अंधार पडायच्या सुमाराला फोन वाजला. मागे पोती फेकल्याचे आवाज, माणसांचा गलका.

"काका, उतरवतोय माल. खाली वाकून बघितलं."

"बोल."

"कोरडं. सगळं कोरडं. आणि कारिउकीने मागून दुसऱ्याचा माल आणला, त्याच्याही आधी पोचलो."

"इंजिन बंद केलंस का?"

"नाही, चालू ठेवलंय, तुम्ही ओरडत होता ना काहीतरी."

"मग आता बंद कर. बापाला फोन कर."

फोन ठेवून थुरानिराने साखर घातलेला चहा घेतला आणि आणखी अर्धा कप मागितला.

माथ्यावरून त्याला खाली आणणाऱ्या मोटारसायकलवाल्याचं नाव मुत्वीरी. त्या वेळी थुरानिराच्या कामाच्या कपड्यांत चिंधीशिवाय काही नव्हतं. मुत्वीरीचे भाड्याचे सत्तर शिलिंग अजून द्यायचे आहेत.